सहलीचे शेवटचे दिवस फिरण्यात घालवू नका

आमच्या अमळनेर, चोपडा, जळगाव भागातून आता मे महिन्यात बरेच लोक परदेशात समुद्रावर जायला लागलेत, थायलंड, बाली, मॉरिशस, आणि मला ते मनापासून आवडतं. पण परत आलेल्या जवळपास प्रत्येकाकडून एकच ऐकते की शेवटी शेवटी नुसती धावपळ झाली. राहिलेले स्पॉट, राहिलेली खरेदी, नातेवाइकांची यादी, बॅगेचं वजन. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना लांब मुक्काम करता येतो त्यांनी शेवटच्या दिवसांत एकही नवीन जागा बघू नये. रोजच्याच किनाऱ्यावर रोजच्यासारखं जाऊन बसावं, बस.

माझा धाकटा भाऊ मॉरिशसला नोकरीला आहे, पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक म्हणून गाव आहे तिथे राहतो. शाळेला सुट्टी लागली, आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया झाली आणि मी, आई अन् माझी मुलगी निघालो. इकडे पारा 44 वर, आणि तिकडे मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, सकाळी आईला शाल लागायची. बघायचं ते सगळं आम्ही आधीच बघून घेतलं होतं, चामरेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. 1834 पासून आपल्याकडचे मजूर उसाच्या मळ्यांवर नेले ना, ते त्याच बंदरात उतरायचे. तिथल्या दगडी पायऱ्यांपाशी आई खूप वेळ उभी राहिली, काही बोलली नाही.

जायचे दिवस जवळ आले तसे फॅमिली ग्रुपवर मेसेज सुरू, इल ओ सेर्फचं छोटं बेट केलं का, कॅटामरान बोटीची सफर केली का, एवढं लांब गेलात आणि ते नाही बघितलं? भावानेही सुट्टी टाकली होती, म्हणाला ताई, दोन दिवसांत सगळं उरकून टाकू. आईच म्हणाली, "आते कोठे जावानं नई, आठेच बसूत." (आता कुठे जायचं नाही, इथेच बसू.) आणि आम्ही खरंच बसलो.

त्या दिवसांत जे दिसलं ते आधीच्या सगळ्या फिरण्यात दिसलं नव्हतं. किनाऱ्याला पांढरी वाळू आहे ती प्रवाळाची, पण मधेमधे काळे खडक आहेत, रस्त्याने उसाच्या शेतांतही तसल्याच काळ्या दगडांचे ढीग रचून ठेवलेले दिसतात. रोज त्यांच्यावर बसून बसून एक दिवस आई म्हणाली, "हाऊ ते आपला वावरना दगड शे." (हा तर आपल्या शेतातला दगड आहे.) मी भूगोल शिकवते, माझ्या अंगावर काटा आला, कारण आई अगदी बरोबर बोलत होती. जमिनीखाली खोल असलेल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर आला आणि आपल्या खानदेशाखालचा काळा पत्थर तयार झाला, त्याच स्रोतावर, वरची जमीन सरकत गेली तसं, पुढे मॉरिशस बेट उभं राहिलं, आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय, पण आईने नुसतं बघून ओळखलं, आणि ते ओळखायला तिला तेवढे दिवस बसावं लागलं.

दुसरं, सूर्य. अमळनेर विषुववृत्ताच्या साधारण जेवढं उत्तरेला तेवढंच ते बेट दक्षिणेला. दुपारी सावली उलटी पडते, दक्षिणेकडे, माझ्या मुलीने काठी रोवून दोन-तीन दुपारी ते तपासलं. फिरायच्या गाडीत बसून हे कधी कळलं असतं?

आणि रविवार! तिथले किनारे सरकारी आहेत, भरतीच्या रेषेपर्यंत कुणालाही बसता येतं. रविवारी सुरूच्या झाडांखाली घरंच्या घरं पातेली, चटया, म्हातारे-कोतारे घेऊन येतात, कुणी रावान म्हणजे तिथला डफ वाजवतं, सेगा हा तिथला नाच नाचतात. शेवटच्या रविवारी शेजारच्या चटईवरच्या आजींनी आईला डाळीचे तिखट वडे दिले, गातो पिमां म्हणतात त्यांना, आणि त्या भोजपुरीत अन् आई अहिराणीत, दोघी तासभर बोलत होत्या. काय कळलं एकमेकींना माहीत नाही पण हात हातात होते.

आखाजीला माहेरी आलेली लेक शेवटच्या दिवसांत गाव बघत फिरते का? ती ओट्यावर बसते, झोक्यावर बसते, आईजवळ बसते. तसंच आहे हे.

मला एकीने विचारलं की एवढं तिकीट काढून नुसतं बसायचं का. हो, नुसतं बसायचं. आमची आई सत्तरीची आहे, आयुष्यभर तिने पाणी पाहिलं ते तापीचं, बोरीचं आणि विहिरीचं. तिला दूरवर प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ रोज त्याच जागी बघायची होती, आणि ते तिच्याकडून काढून घेऊन तिला बोटीत कोंबायचं हे मला अजिबात पटत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी तर याचा नक्की विचार करा.

खरेदी पहिल्याच आठवड्यात उरका, बॅगा दोन दिवस आधी भरा, प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नका, तिथे मनाई आहे. टूरवाल्याने शेवटचा दिवस शॉपिंगचा ठेवला असेल तर बुकिंगच्या वेळीच बदलून मागा. गुडघे दुखणाऱ्यांना वाळूत कसं न्यायचं, तिथे कोणत्या भाज्या मिळतात, भाकरीचं पीठ किती न्यावं, हे कुणाला विचारायचं असेल तर विचारा, मी सविस्तर सांगेन.