मित्र म्युनिकला येताहेत? मग एवढं कराच

सगळ्यात आधी तारखा. पुण्याहून चौघांचा ग्रुप "जुलैत येतोय रे, तिकिटं बघतोय" म्हणाला की लगेच "या, या" लिहून मोकळे व्हा. जर्मन विद्यापीठांत उन्हाळी सत्राची लेक्चर्स जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात संपतात आणि परीक्षा त्यालाच लागून असतात, असली रडगाणी मित्रांपुढे गायची नसतात. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीन प्रयत्न मिळतात, तिसऱ्यातही आपटलात तर अभ्यासक्रमातूनच बाहेर. तीन म्हणजे पुष्कळ झाले. त्यातला एक मैत्रीला वाहून टाका. मार्चमध्ये बोलावलं असतं तर बहुतेक परीक्षा उरकलेल्या असत्या, डोंगरावर बर्फ असता आणि किल्ल्याची तिकिटंही सहज मिळाली असती. पण मग मजा काय राहिली?

व्हिसाबद्दल विचारतीलच. "फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथलाच काढतो. शेंगेन सगळं एकच ना?" यावर फक्त अंगठा पाठवा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश; त्यातही जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा आणि रात्री समसमान असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे, असा नियम आहे खरा. पण पॅरिसच्या दोन रात्री आणि तुमच्या फरशीवरच्या सहा, ही बेरीज विमानतळावरच्या अधिकाऱ्याला जमणार नाही असं धरून चाला. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत येत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो काढताना परतीच्या तारखेच्या आदल्या दिवशीच संपेल असा काढला की थोडे पैसे वाचतात आणि व्हिसा अडतो.

मग सामान. तुमच्या घरून त्यांच्या हाती डबे येणार, त्यात ढवळाढवळ करू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, श्रीखंड सगळंच गेलं. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कढीपत्त्याची जुडी आणि अळूची पानंही अडतात. सूट फक्त पाच फळांना: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. एकूण सत्यनारायणाची निम्मी तयारी कायदेशीर आहे, प्रसादाच्या शिऱ्यातलं तूप तेवढं नाही. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, भाजणी यांना कुणी हात लावत नाही, पण तेवढ्यावर घरच्यांचं समाधान होत नसतं. तेव्हा पेढ्यांचा बॉक्स बॅगेत सगळ्यात वर ठेवायला सांगा, आणि "जाहीर करण्यासारखं काही नाही" या हिरव्या दारातून हसत हसत बाहेर पडायला सांगा.

राहण्याची सोय तुमच्या खोलीत. विद्यार्थी वसतिगृहातली खोली बारा-पंधरा चौरस मीटरची, त्यात पलंग, टेबल, कपाट आणि तुम्ही. चार माणसं झोपवायची तर टेबलाखाली एक, दाराला आडवा एक आणि उरलेले दोन पलंगाच्या बाजूने. रात्री कुणालाही उठायचं झालं की सगळ्यांनाच उठावं लागतं, त्याने मैत्री घट्ट होते. पाहुण्यांच्या मुक्कामाबद्दल वसतिगृहाच्या करारात काय लिहिलंय ते वाचू नका. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, ती शेजारच्याला चिवडा दिला की पाळली असं होतं.

पहिल्या संध्याकाळी घरचं जेवण. इथे कृती नीट लक्षात घ्या. पातेल्यात चार चमचे तेल धूर निघेपर्यंत तापवा. मोहरी, हिंग आणि पाच-सहा सुक्या मिरच्या एकदम टाका. ठसका लागला की माणूस स्वभावतः दार उघडतो, तेच करा. बऱ्याच वसतिगृहांत कॉरिडॉरमधले धुराचे सेन्सर थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असतात. खिडकी उघडून दार बंद ठेवलं असतं तर धूर निमूट बाहेर गेला असता. दार उघडल्यावर मात्र तो बरोबर सेन्सरखाली जातो आणि आख्खी इमारत चपला घालून खाली अंगणात उतरते. मित्रांची सगळ्या मजल्यांशी एकाच वेळी ओळख करून द्यायची याहून सोपी रीत नाही. उगाच बोलावलेल्या बंबाचं बिल येऊ शकतं, पण ते नंतर येतं. तोवर मित्र गेलेले असतात.

आता मुख्य कार्यक्रम, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. याचं नियोजन काळजीपूर्वक करावं लागतं, कारण यात चुकायच्या जागा पुष्कळ आहेत आणि एकही वाया जाता कामा नये. बायर्न तिकीट काढा. एका तिकिटावर पाच माणसांपर्यंत दिवसभर बव्हेरियाभर, म्हणजे म्युनिकच्या राज्यभर, फिरता येतं. दर माणसी रक्कम वाढत जाते, म्हणून तुमच्याकडे महिन्याचा पास असला तरी त्यावर तुमचंही नाव घाला, एकी दिसते. हे तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. म्युनिकहून फ्युसेनला दोन तास, तिथून होहेनश्वानगाऊ गावात बसने दहाएक मिनिटं, आणि गावातून किल्ल्यापर्यंत चढ, अर्धा-पाऊण तास. हे सगळं धरून किल्ल्याचं तिकीट मंगळवारी सकाळी साडेअकराचं बुक करा.

किल्ल्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. ती वेळ गावात पोचायची नसून वर किल्ल्याच्या फाटकाशी हजर राहायची आहे, हा बारकावा सांगायचा नाही. वेळ टळली की तिकीट गेलं, पुढच्या गटात घ्या म्हणून हातापाया पडून उपयोग नाही. शनिवार-रविवारी बायर्न तिकीट मध्यरात्रीपासूनच चालतं, तेव्हा पहाटेची गाडी पकडली असती तर सगळं जमलं असतं. पण चार पुणेकर पहाटे सहाला कुठल्याही स्टेशनवर उभे करून दाखवा, मग बोलू.

समजा, चुकून वेळेत पोचलातच. तर मोठी सॅक आत नेता येत नाही हे दारात कळू द्या. फोटो काढायला बंदी आहे, तेही आतच कळू द्या. ज्यासाठी पुण्याहून नवा कॅमेरा आणला तो गळ्यात लटकवून अर्ध्या तासाची सफर संपते. बाहेरून दिसतो तेवढा किल्ला आत नाही, कारण बऱ्याच खोल्या पुऱ्याच झाल्या नाहीत. १८६९ मध्ये काम सुरू झालं, आणि जून १८८६ मध्ये लुडविग दुसरा हा राजा श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. माणसांपासून दूर, एकटं राहायला मिळावं म्हणून त्याने हे बांधलं होतं. तो गेल्यावर दोन महिनेही झाले नाहीत तोच लोकांना तिकीट लावून आत सोडायला सुरुवात झाली. घरात पाहुणे ठेवलेल्या विद्यार्थ्याला या राजाबद्दल जी माया वाटते ती कुठल्या माहितीफलकावर लिहिलेली नाही.

ज्या फोटोसाठी सगळे येतात तो मारिएनब्र्युके या पुलावरून निघतो. गावातून सुटणारी शटल बस पुलाजवळच सोडते, मग आधी पूल आणि नंतर उतारावरून किल्ला, असा सोपा क्रम आहे. म्हणून तुम्ही आधी किल्ला चढा, मग पुन्हा पुलाकडे चढा आणि पुलाच्या रांगेत उभे राहून बुटांबद्दल बोला. मित्रांनी पांढरे स्नीकर्स घातलेलेच असतील.

दुसऱ्या दिवशी टेगर्नसे. तळं, डोंगर, तासाभराचा प्रवास, कुणी म्हणेल यात काय बिघडणार. गाडी बिघडते, तीही वेळापत्रकाप्रमाणे. म्युनिकहून एकच लांब गाडी सुटते आणि होल्त्सकिर्शेनला तिचे डबे सुटे होतात. एक भाग बायरिशत्सेलला जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा तुटते, एक तुकडा लेंग्रीसला आणि एक टेगर्नसेला. प्रत्येक डब्याच्या बाहेर पाटीवर त्याचं गाव लिहिलेलं असतं, घोषणाही होते. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "खिडकी मिळेल तिथे बसा, सगळे टेगर्नसेलाच उतरायचं." मग होल्त्सकिर्शेनला हलकासा धक्का बसतो आणि समोरच्या डब्यातला मित्र हात हलवत हलवत वेगळ्या दरीत निघून जातो. त्याच्याकडे भारतातलं सिम असेल आणि सामायिक तिकीट तुमच्या मोबाइलमध्ये असेल तर काम फत्ते. जर्मनीत विनातिकिटाचा दंड ६० युरो. "आम्ही टुरिस्ट आहोत" हे वाक्य तपासनिसाने दिवसातून इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो पावती फाडता फाडता तुमच्याऐवजी स्वतःच म्हणेल.

शहरात फिरायचा एक दिवस ठेवा. मारिएनप्लात्झ या मुख्य चौकातल्या टाउनहॉलमध्ये ४३ घंटा आणि ३२ बाहुल्यांचं घड्याळ आहे, रोज अकरा आणि बारा वाजता वाजतं. सुरुवातीची काही मिनिटं नुसत्या घंटा वाजतात, बाहुल्या नंतर हलतात. मित्र व्हिडिओ पहिल्या टोल्याला सुरू करतात आणि कंटाळून बंद करतात, तेव्हा वर घोडेस्वारांची झुंज सुरू होते. पांढरा-निळा बव्हेरियन स्वार रोज जिंकतो, त्यामुळे चुकलं तरी निकाल सांगता येतो.

बिअर गार्डनमध्ये मात्र एक सवलत आहे, ती कटाक्षाने लपवा. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये पेय तिथलं घ्यायचं आणि खाणं घरून नेलं तरी चालतं. टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर डबा उघडून बसायला पूर्ण मुभा असते. चिवडा, ठेपले, दाण्याची चटणी, सगळं इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली उजळ माथ्याने खाता येईल. हे कळलं तर तुमचं बरंच वाचेल, म्हणून तुम्ही टेबलक्लॉथवाल्या बाजूला बसा.

पाण्याचंही तसंच. नळाचं पाणी पिण्याजोगं असताना प्रेक्षणीय ठिकाणी बाटल्या घेऊ द्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. अट एकच, बाटली अख्खी आणि बारकोड वाचता येईल अशी हवी. भारतात बाटलीवरच "वापरानंतर चिरडा" असं छापलेलं असतं आणि आपली मुलं तेवढी एक सूचना निष्ठेने पाळतात. दिवसाअखेर चिरडलेल्या बारा बाटल्या म्हणजे तीन युरो. ते तीनशे रुपयांच्या वर जातात हे रात्री सांगा, झोप छान लागते. आणि हो, बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात, रविवारी उघडतच नाहीत. त्यामुळे शनिवारी फिरून साडेआठला परतायचं आणि "वाटेत काहीतरी घेऊ" म्हणायचं.

हिशेब? ठेवायचा असतो, मागायचा नसतो. विद्यार्थी व्हिसासाठी तुमचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवलेले असतात, त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. त्यातून खोलीचं भाडं आणि विमा वजा जाता जे उरतं त्याला मित्र "युरोत कमावतोय लेका" म्हणतात. तिकिटं तुमच्या कार्डावर काढा, कारण त्यांचं फॉरेक्स कार्ड "बहुतेक चालत नाहीये". एखाद्याला महिनाभर जर्मनीत रेंगाळायचं असेल तर त्याला ६३ युरोंचं डॉइचलँड टिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, घेऊन द्या. हे तिकीट नसून वर्गणी आहे. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत बंद केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. बरेच विक्रेते बँक खात्यातूनच वसुली करतात, तेव्हा खातं तुमचंच लावा. मित्र सप्टेंबरात पुण्यात मोदक खात असताना त्याच्या नावाने तुम्ही जर्मन रेल्वेला मदत करत असाल. "पुण्यात आलास की देतो, नक्की" हे वाक्य मोबाइलमध्ये जपून ठेवा, तीच पावती.

परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायला जाऊ नका, परीक्षा आहे म्हणा, तेवढं एक तरी खरं बोलाल. एस-८ ही लोकल आख्खीच्या आख्खी विमानतळाला जाते, म्हणून ती सुचवू नका. एस-१ सांगा. ती नॉयफार्न स्टेशनवर तुटते, मागचे डबे विमानतळाकडे आणि पुढचे फ्राइझिंगला. सामान घेऊन सगळे पुढेच चढतील. थोड्या वेळाने फोन येईल, "अरे, इथे विमानं कुठे दिसत नाहीयेत." फ्राइझिंग स्टेशनवरून ६३५ नंबरची बस वीसेक मिनिटांत विमानतळावर पोचवते. ही एकच गोष्ट मात्र लगेच, स्पष्ट आणि मराठीत सांगा. विमान चुकलं तर ते चौघं परत तुमच्याकडेच येणार आहेत.