भाडं आपलं, हेलपाटे मामांचे

२०२७चा सिंहस्थ जवळ येतोय, तसे नाशिकचे नातेवाईक पुन्हा मागे लागलेत. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण झाला, कुंभासाठी रस्ते होतायत, आत्ताच एक टू बीएचके घेऊन टाक, भाड्यातून हप्ता निघेल. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, फ्लॅट कशाला, एसआयपी कर, म्युच्युअल फंडात दरमहा थोडे थोडे टाक. मी जर्मनीत स्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहतो आणि मला वाटतं, या वादात एक खर्च दोन्ही बाजू धरतच नाहीत.

आधी हप्त्याचं बघू. समजा, पाथर्डी फाट्याला ५५ लाखांचा तयार फ्लॅट घेतला. सहा टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, वर पंखे, गिझर, किचन ट्रॉली, खिडक्यांना ग्रिल. झाले ६० लाख. (बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी वेगळा.) भाडं धरू १५ हजार. ४० लाखांचं कर्ज आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेतेहेतीस हजारांच्या घरात जातो. भाड्यातून त्याचा अर्धाही निघत नाही. कर्ज नाही असं धरलं, तरी एखादा महिना घर रिकामं, मेंटेनन्स दोन हजार, घरपट्टी, एजंटला एका महिन्याचं भाडं, रंगकाम. वर्षाकाठी १ लाख १० हजार उरले तर पुष्कळ. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत, आणि तेही कर भरण्याआधी.

यात मामा कुठेच नाहीत.

रविवारी संध्याकाळी भाडेकरूचा फोन येतो, बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकतंय. आम्ही परदेशातले मालक व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून "मामा, जरा बघता का?" लिहितो. मामा कॉलेज रोडवरून अ‍ॅक्टिव्हा काढतात, प्लंबरला मिनतवारी करून आणतात, खालच्या काकूंचं ऐकून घेतात. अकरा महिने भरले की लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाड्याच्या, नव्या कराराला अंगठा मामांचा, कारण कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावावर. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जादा आकार लावते. तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे कमिटीला सुनवायलाही मीटिंगला मामाच. वयाच्या सत्तरीत! आणि आम्ही सुट्टीत येताना त्यांना चॉकलेटचा डबा आणतो.

इथे जर्मनीत परगावी राहणारा मालक फ्लॅट व्यवस्थापन कंपनीकडे सोपवतो. एका फ्लॅटचे महिन्याला साधारण तीसेक युरो. दुरुस्त्या करवून घेणं, भाडेकरूच्या तक्रारी, वर्षाचा हिशोब, सगळं त्यात. जर्मनी म्हणजे मालकांचा स्वर्ग आहे असं मुळीच नाही. स्टुटगार्टमध्येही घरांच्या किमतीच्या मानाने भाडं थोडंच सुटतं, खरेदीला पाच टक्के हस्तांतरण कर आणि वर नोटरी, आणि भाडेकरू सहजासहजी हलत नाही. फक्त राबणाऱ्याचा पगार मालकाच्या वहीत खर्च म्हणून दिसतो.

कराचंही मामांशिवाय भागत नाही. मालक एनआरआय, म्हणजे परदेशात राहणारा, असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा कर, आधीच कापून सरकारकडे भरायचा असतो. अंबडच्या कंपनीत नवीन लागलेला मुलगा हे ऐकूनच दुसरं घर बघतो. मग बऱ्याच घरांत भाडं गुपचूप आईच्या नाहीतर मामांच्या खात्यात जातं, आणि उद्या नोटीस आली तर उत्तर द्यायला तेच.

"भाड्याचं सोड रे, भाव वाढतील ना" यावर माझं म्हणणं एवढंच की वाढतीलही, पण मग त्याला भाव वाढण्यावरचा डाव म्हणा, उत्पन्न म्हणू नका. दोन वर्षांनंतर विकलं तरी नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट नाही, आणि घेणारा आधीच टीडीएस कापून ठेवतो.

आईवडिलांना लिफ्टची इमारत हवी, दवाखाना जवळ हवा म्हणून घर घेणार असाल तर जरूर घ्या, तिथे टक्के बघू नयेत. पण भाड्यासाठीच घ्यायचं असेल तर सांभाळणाऱ्याला महिना दोन हजार ठरवून द्या, मामा "आपल्या माणसाकडून पैसे घ्यायचे का?" म्हणाले तरी. वरच्या हिशोबात मग वर्षाला ८६ हजार उरतात. साठ लाखांवर दीड टक्काही नाही. नात्यातल्या किती जणांना हा आकडा दाखवूनही फ्लॅट घ्यावासा वाटेल, याची मला शंका आहे. मामांना मात्र अजूनही वाटतो, गंगापूर रोडला.