लिंकरला गप्प केल्याने चूक सुधारत नाही

लिंकर म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्स आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणारं टूल. ‘लिंकर एररवर चार रामबाण उपाय’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातला सर्वांत घातक उपाय माझ्या भाच्याने त्याच्या मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) जसाच्या तसा डकवला, म्हणून हे लिहावंच लागतंय.

तो उपाय असा: ‘मल्टिपल डेफिनिशन’ (एकाच नावाच्या एकाहून जास्त व्याख्या) आलं की लिंकरला ‘अलाउ-मल्टिपल-डेफिनिशन’ हा फ्लॅग द्या, एरर जाते. एरर जाते, चूक तिथेच राहते! जीएनयू लिंकरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की हा फ्लॅग दिला की पहिली सापडलेली व्याख्या वापरली जाते. ती बरोबर आहे का, हे कोणी बघत नाही. सी कोडच्या एका फाइलमध्ये ‘लिमिट’ नावाचा ४ बाइटचा इंट आहे आणि दुसरीत त्याच नावाचा ८ बाइटचा डबल. जागा इंटची धरली गेली, तर दुसरी फाइल तिथे ८ बाइट लिहिते आणि शेजारचं व्हेरिएबल बिघडवते. प्रोग्रॅम चालतो, उत्तरं चुकतात, आणि शोध घ्यायला हातात एकही एरर नसते.

जुन्या सी कोडमध्ये ही ‘मल्टिपल डेफिनिशन’ एरर बहुधा हेडरमुळे, म्हणजे अनेक सी फाइल्समध्ये घेतल्या जाणाऱ्या फाइलमुळे येते. व्हेरिएबल ‘एक्सटर्न’ (‘व्याख्या दुसरीकडे आहे’ असं सांगणारा शब्द) न लावता हेडरमध्येच लिहिलेलं असतं. जीसीसी हा कंपायलर पूर्वी अशा व्याख्या गुपचूप एकत्र होऊ द्यायचा; २०२० च्या जीसीसी १० पासून हा डिफॉल्ट बदलला, म्हणून वर्षानुवर्षं बिल्ड होणारा कोड अचानक अडला. हेडरमध्ये एक्सटर्न लावा, व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा. दोन ओळींचं काम आहे.

मेसेजमधला दुसरा उपाय: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणजे लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करा.’ का? ही एरर म्हणजे वापरलेल्या नावाची व्याख्या लिंकरला सापडली नाही. मागितलेली लायब्ररी सापडलीच नाही, तर लिंकर ‘कॅनॉट फाइंड’ म्हणतो. इथे बहुतेकदा लायब्ररी कमांडमध्ये द्यायची राहिलेली असते, नाहीतर क्रम चुकलेला असतो. तेच मॅन्युअल सांगतं: स्टॅटिक लायब्ररी जिथे लिहिली तिथे एकदाच तपासली जाते. म्हणून ती ऑब्जेक्ट फाइल्सच्या (तुमच्या कंपाइल झालेल्या फाइल्सच्या) नंतर लिहा. तरी अडलं, तर ‘एनएम’ (फाइलमधली नावं दाखवणारं टूल) चालवून ते नाव लायब्ररीत आहे का ते बघा.

तिसरा: ‘एलडी लायब्ररी पाथ सेट करा.’ ही सेटिंग मुख्यतः प्रोग्रॅम चालवताना लायब्ररी कुठे शोधायची ते सांगते. लिंक करताना फोल्डर दाखवायला कॅपिटल एलचा फ्लॅग लागतो.

चौथा: ‘मेक क्लीन करा’, म्हणजे आधी बांधलेल्या फाइल्स पुसून पुन्हा बांधा. बरं, हे कधीकधी चालतं, कंपायलर किंवा फ्लॅग बदलल्यावर जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स उरल्या असतील तर. पण एररमध्ये ‘सीएक्सएक्स११’ दिसत असेल आणि लायब्ररीच जीसीसी ५ च्या आधीच्या एबीआयने (कंपाइल झालेले भाग एकमेकांशी जुळायचे नियम) बांधलेली असेल, तर तुमचा कोड कितीही वेळा साफ करा, ती लायब्ररीच नव्याने बांधावी लागते, नाहीतर तुमचा कोड जुन्या एबीआयने कंपाइल करावा लागतो.