एजंटला डॉक्युमेंटेशन पाहिजे म्हणे!

'--डिलीट फॉल्स'. एवढंच लिहिलं होतं आमच्या एआय एजंटनं (म्हणजे आपणहून कमांड चालवणारा एआय). फॉल्स! म्हणजे पुसू नको बाबा. आणि आमच्या टूलनं शिरोलीच्या एका फाउंड्रीचे जुने टेस्ट रिपोर्ट साफ पुसून टाकले.

बॅकअप होता, सगळं परत आलं. पण सरांनी धरलं कुणाला? मला! "एजंटसाठी आपलं नीट डॉक्युमेंटेशनच नाही गं. आजच्या आज लिहून टाक."

अहो सर, डॉक्युमेंटेशन काय कपाळ करणार तिथं? ज्या महाभागानं हे टूल लिहिलं (सध्या पुण्यात आर्किटेक्ट म्हणून मिरवतोय) त्यानं आर्गपार्समध्ये (कमांडचे ऑप्शन वाचणारं पायथनचं मॉड्यूल) त्या ऑप्शनचा टाइप सरळ बूल, म्हणजे ट्रू-फॉल्सवाला, ठेवलाय. पायथनच्या बूलला रिकामी सोडून कुठलीही स्ट्रिंग द्या, ट्रूच येणार. 'फॉल्स' द्या, 'नको' द्या, 'पाया पडते, पुसू नको' द्या. ट्रू! असं करू नका हे पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनात लिहिलंय. त्यापेक्षा स्टोअर ट्रू आहे (व्हॅल्यू लागत नाही, नुसता ऑप्शन दिला की ट्रू), आणि ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, बूलियन ऑप्शनल ॲक्शन आहे, '--नो-डिलीट' आयता मिळतो. पण वाचतंय कोण?

आणि हेल्प बघाल तर: '--डिलीट डिलीट डिलीट'. पहिला ऑप्शन, दुसरी त्याची व्हॅल्यू, तिसरं म्हणजे स्पष्टीकरण. जगात भारी! पुढं व्हॅल्यू लागते असं दिसलं, एजंटनं दिली. त्याचं काय चुकलं?

एका ओळीचा बदल आहे. केला, पाठवला. तर सर म्हणतात, "चालू टूलला हात लावू नको, क्लायंटचं ऑडिट आलंय. तू फक्त डॉक्युमेंटेशन बघ." म्हणजे खड्डा बुजवायचा नाही, शेजारी पाटी लावायची.

मागं एक ट्रेनी पोरगी होती, कागलहून एसटीनं यायची. ह्याच टूलचा एक ऑप्शन काय करतो विचारलं बिचारीनं. उत्तर मिळालं, "सोर्स वाच." मी रीडमी (टूल कसं वापरायचं सांगणारी फाइल) लिहू का म्हटलं, तर "क्लायंट त्याचे पैसे देत नाही." आता मशीनसाठी मात्र प्रत्येक ऑप्शनचं उदाहरण, डीफॉल्ट व्हॅल्यू, एक्झिट कोड (कमांड संपताना जमलं की फसलं सांगणारा आकडा), कुठली कमांड डेटा उडवते ते ठळक अक्षरात. वर सूचना, "थोडक्यात लिही गं, टोकन जातात." (टोकन म्हणजे एआय मजकूर मोजतो ते तुकडे.) त्या पोरीचे दिवसच्या दिवस गेले, त्याचा हिशोब कुणी ठेवला?

तर बसले रात्री एजंट्स डॉट एमडी, म्हणजे एजंटसाठीच्या सूचनांची फाइल, उघडून. 'विचारल्याशिवाय डिलीट चालवू नये' लिहिलं. ठळक केलं. मागं 'कृपया' लावलं. मग राग आला, 'कृपया' काढलं. पुढं 'कधीही' घातलं, उद्गारचिन्ह दिलं. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण आतनं आईचा आवाज आला, "कुणासंगं भांडायलीस गं?" आता काय सांगू तिला? राजारामपुरीतल्या ऑफिसचा पगार घेऊन घरी बसून फाइलला दम भरायलेय.

आणि एकदा लिहायला घेतलं की सगळीच जुनी भुतं वर येतात. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही की एक्झिट कोड १. एजंटला वाटतं कमांडच फसली, की लागला ऑप्शन बदलून बदलून परत मारायला. मध्येच कुठलंतरी टूल 'वाय की एन' विचारतं आणि एजंट उत्तराची वाट बघत बसतो खुळ्यागत. रंगीत आउटपुटमधल्या रंगांच्या कोडांचा सगळा कचरा त्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे तो वाचतो त्या मजकुरात. डॅश एच म्हणजे हेल्प ना? फाइलांची यादी देणाऱ्या एलएसमध्ये तो साइज माणसाला कळेल अशी दाखवतो, डेटाबेसच्या मायएसक्यूएलमध्ये होस्ट, म्हणजे सर्व्हरचं नाव, मागतो. फाइल शोधणाऱ्या फाइंडचे अख्खे शब्द एकाच डॅशवर, फाइलांचं गाठोडं बांधणाऱ्या टारला तर डॅश नसला तरी चालतंय! युनिक्स ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं मॅन्युअल १९७१ मध्ये आलं, आणि अजून ही तऱ्हा.

दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचला पोर्ट द्यायचा तर स्मॉल पी, तिथं फाइल कॉपी करायच्या एससीपीला कॅपिटल. का, तर एससीपीतला स्मॉल पी फाइलच्या वेळा जपायच्या कामाला आधीच लावलेला. हे पण घाल म्हणाले सर. घालते की! आधी जेवू तर दे.