‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणाऱ्या घरांसाठी

आईला अंडाशयाचा कॅन्सर झाला, तेव्हा तिची जनुकीय तपासणी झाली. बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. मग आम्हा दोघी बहिणींची तपासणी झाली. माझा रिपोर्ट निगेटिव्ह, धाकटीचा पॉझिटिव्ह. घरातल्या मोठ्यांचं पहिलं वाक्य होतं, “बाहेर बोलू नका, तिचं लग्न व्हायचंय.”

हे तिला विचारूनच लिहितेय.

बीआरसीए-१ मध्ये असा दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्के, अंडाशयाचा होण्याची ४० च्या वर. म्हणजे आज ती ठणठणीत आहे, पण दरवर्षी एमआरआय. तारीख जवळ आली की तिची झोप उडते. बाथरूममध्ये नळ चालू ठेवून ती पुन्हा पुन्हा गाठ चाचपत राहते. अंडाशय पस्तिशी ते चाळिशीत काढून टाका, असा सल्ला आहे. त्याआधी लग्न, मूल, सगळं उरकायचं. आणि मग ऐन तारुण्यात पाळी कायमची बंद. एवढं सगळं डोक्यात घेऊन ऑफिसला जायचं, हळदीकुंकवाला हसायचं, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही! माझ्या मते आजाराच्या भीतीपेक्षा या गप्प बसण्यानेच ती जास्त खचली.

मलाही तिच्यासमोर माझ्या निगेटिव्ह रिपोर्टचा आनंद कधी दाखवता आला नाही. कुणी विचारलंही नाही, कारण मी ‘सुटले’ होते ना.

२०१३ मध्ये हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने याच दोषामुळे करून घेतलेल्या स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल जाहीरपणे लिहिलं, तेव्हा आपल्याकडेही केवढी चर्चा झाली. पण आपल्या घरातली मुलगी सख्ख्या काकूलाही सांगू शकत नाही.

शिवाय लपवून धोका टळत नाही. हा दोष बापाकडूनही येतो, मुलगा असो की मुलगी, शक्यता निम्मी-निम्मी. म्हणून मामाने तपासणी करायला हवी होती, त्याला दोन मुली आहेत. पण मामाला कळवायलाच आमच्या घरात दोन वर्षं लागली.

असा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून हातात पडू नये. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जनुकीय समुपदेशन मिळतं, तिथे मुलीला एकटीला पाठवू नका, घरातल्या मोठ्यांनी सोबत बसून ऐका. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर तेही एमआरआयइतकंच गरजेचं समजा, त्याचा खर्च टाळू नका. माझ्या बहिणीला तिथेच पहिल्यांदा मोकळेपणाने रडता आलं.