अॅपला नव्हे, त्यामागच्या बँकेतल्या ठेवीला विमा

‘डिजिटल बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे’ हे एका लेखातलं विधान अर्धवट आहे, आणि त्यातून लोकांचं नुकसान होऊ शकतं. आपल्याकडच्या बहुतेक निओबँकांकडे, म्हणजे फक्त अॅपवरून बँकसेवा देणाऱ्या कंपन्यांकडे, बँकिंग परवाना नसतो. पैसे त्यांच्या भागीदार बँकेत असतात आणि विमा त्या बँकेतल्या ठेवीला असतो. कोणती बँक हे खात्याच्या आयएफएससी कोडच्या पहिल्या चार अक्षरांवरून कळतं. त्याच बँकेच्या शाखेत तुमचे 4 लाख आणि अॅपमधून उघडलेल्या खात्यात 3 लाख असतील, तर एकूण 7 लाखांपैकी 5 लाखांनाच संरक्षण. मर्यादा खात्यामागे नाही, एका बँकेतल्या ठेवीदारामागे आहे, त्यात व्याजही धरतात.

फसवणूक झाली तर अॅपच्या चॅटवर ताटकळत बसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, भागीदार बँकेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नसेल, ग्राहकाचीही नसेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून एकेक तास महत्त्वाचा.

खरा धोका हिशेबात आहे. अमेरिकेत 2024 मध्ये सिनॅप्स ही अॅप आणि बँकांमधली मध्यस्थ कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या नोंदी आणि बँकांतली रक्कम जुळेना. हजारो ग्राहक अडकले. बँक बुडाली नव्हती, त्यामुळे ठेवविमाही लागू झाला नाही. भागीदार बँकेने ग्राहकनिहाय शिल्लक रोज स्वतः जुळवणं आपल्याकडे सक्तीचं असलंच पाहिजे.