‘एक पोल गेला तरी…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

चंद्रपूर-पडघे डीसी (म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “एक पोल गेला तरी निम्मी वीज चालू म्हणे! आमच्या वाडीत एक पोल पडला की चार दिवस काळोख. ९७ टक्के वगैरे हापिसातले आकडे.” आधी हसलो, मग कळलं, चूक माझीच. आपल्याकडे पोल म्हणजे खांब, आणि तो पावसात पडायचाच. माझ्या लेखातला पोल म्हणजे ध्रुव: एक अधिक ५०० केव्ही (किलोव्होल्ट), दुसरा उणे ५०० केव्ही. ७५२ किलोमीटरची लाइन, क्षमता १५०० मेगावॉट, म्हणजे ध्रुवामागे ७५०. एका ध्रुवाचं कन्व्हर्टर (एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारं यंत्र) बिघडलं, तरी दुसरा जमिनीतून किंवा बंद ध्रुवाच्या तारेतून परतीची वाट काढून चालू राहतो. पण दोन्ही ध्रुवांच्या तारा एकाच मनोऱ्यावर. मनोराच आडवा झाला, तर गत तुमच्या वाडीसारखीच!

आता ९७ टक्के, म्हणजे वर्षातला किती वेळ लाइन वापरायला तयार असते, तो आकडा. ते मी उदाहरणापुरते घेतले होते, तरी तुमचा संशय रास्त आहे. उरलेले तीन टक्के म्हणजे वर्षाचे २६३ तास. आधी ठरवून केलेली देखभाल त्यातच, अचानकचा बिघाडही त्यातच. शिवाय एक ध्रुव दहा तास बंद असला, तर हिशेबात पूर्ण लाइन पाच तास बंद धरतात. त्यामुळे पंधराशे मेगावॉट एका झटक्यात गेले की अर्धे-अर्धे सावकाश, हे टक्केवारीवरून कळतच नाही. सक्तीच्या बंदचे, म्हणजे अचानकच्या बिघाडाचे तास आणि दोन्ही ध्रुव एकदम किती वेळा गेले, हे वेगळं मागायला हवं. मी ते लिहिलं नव्हतं.

मे संपताना पहिली रिमझिम आली की आमच्या डीपीवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर चर्रचर्र वाजतात, अंधारात निळी ठिणगीही दिसते. खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ ओलं झालेलं असतं. डीसीत तर विद्युतक्षेत्र सतत एकाच दिशेचं, त्यामुळे धूळ-मीठ जास्त ओढलं जातं. म्हणून तिथले इन्सुलेटर लांब ठेवावे लागतात. वीज कोसळली तर मात्र डीसीची सोय बरी: कन्व्हर्टर प्रवाह शून्यावर आणतं, ठिणगी विझू देतं आणि सेकंदाच्या आत लाइन परत उभी करतं.

तुमचे चार दिवस मात्र यात कुठेच मोजले जात नाहीत. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात गावंच्या गावं कित्येक दिवस काळोखात होती, ती गावातल्या तारा आणि खांब पडल्यामुळे. पडघ्याचा आकडा पडघ्यापुरताच.

मूळ लेखात ‘पोल’च्या जागी ‘ध्रुव’ आज रात्रीच करतो, लाइट असली तर.